शेटेबाईंसाठी विरजण

शेटेबाई विरजण मागायला दारात उभ्या राहिल्या, तेव्हा उज्ज्वला यमगर भाकरी थापत होती, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की देव आहे म्हणायचा. वर्षभर तिला त्याची शंकाच होती.

"उज्ज्वला, माझं दही नासलं गं," शेटेबाई म्हणाल्या. "काल दिवसभर लाइट नाही, वर हा सोलापूरचा उन्हाळा. फ्रीजमधल्या पुड्यासुद्धा वाया गेल्या. कंपनीची गाडी पुढच्या आठवड्यात यायची. तोवर चमचाभर विरजण देतेस? तुझे आकडे सध्या कॉलनीत सगळ्यांत चांगले, म्हणून म्हटलं तुझ्याकडेच जावं."

"देते की. त्यात काय."

"पण ताज्या पुडीचं आहे ना? कालच्याचं आज, आजच्याचं उद्या असं ओढलेलं नको हं मला."

"परवाच पुडी फोडली, बाई."

धडधडीत खोटं होतं ते. बोलताना तिची पापणीही लवली नाही. तिनं पिठाचे हात धुतले, ओट्याच्या कोपऱ्यातलं मातीचं गाडगं पुढं ओढलं आणि वाटीत चमचाभर नव्हे, चांगलं पळीभर दही काढून दिलं. 'बाई गं, किती घट्ट लागलंय' म्हणत शेटेबाई निघून गेल्या. उज्ज्वलानं दार लावलं आणि उरलेल्या भाकरी थापल्या. त्या दिवशी तिची एकही भाकरी फाटली नाही.

एवढं काय त्या दह्याचं, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

वनराई कॉलनीत 'हलकं-फुलकं' नावाची योजना आली होती. पहाटे मैदानावर चालणं, मग कवायत, रविवारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर वजन, दंडावर साखर मोजणारी एक चकती, आणि रोज जेवणात वाटीभर दही. चालणं-बिलणं ठीक आहे हो, ते आपले आजोबाही करत होते. खरी करामत दह्यात होती.

आपल्या आतड्यापासून मेंदूपर्यंत एक लांबलचक मज्जातंतू जातो. पोट भरलं की त्यावरून वर निरोप जातो, पुरे. वय वाढलं, खाण्यापिण्याचा धरबंध सुटला की हा निरोप उशिरा पोचायला लागतो, आणि तोवर माणूस दोन घास जास्तीचे खाऊन बसलेला असतो. शास्त्रज्ञांनी काय केलं, दह्याच्या एका जिवाणूत बदल केला. त्यानं आतड्यात मुक्काम ठोकायचा, अन्न आलं की एक बारीकसं प्रथिन सोडायचं, आणि त्या प्रथिनानं तंतूच्या टोकाशी असलेलं कुलूप किल्लीसारखं उघडायचं. निरोप लवकर पोचायचा. गोळी नको, सुई नको, पथ्याची कटकट नको. पुडीतली पूड कोमट दुधात मिसळायची, सकाळी दही तयार.

या योजनेच्या कॉलनीतल्या प्रमुख म्हणजे नीलिमा शेटे. जन्मभर शाळेत खेळ शिकवलेला, गळ्यात अजूनही शिट्टी, आणि अंगावर मांस म्हणून नाही. कंपनीच्या पहिल्या चाचणीपासून, म्हणजे आठ वर्षं, त्या हे दही खात आल्या होत्या. 'मला भूक म्हणजे काय तेच आठवत नाही बाई,' असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. एकट्या राहायच्या, पण कॉलनीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात त्यांचं नाक असायचं. जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलन्यांत जी सर्वांत जास्त वजन उतरवेल तिला ढाल मिळणार होती, आणि ती ढाल वनराईलाच मिळाली पाहिजे, या एकाच ध्यासानं त्या पछाडल्या होत्या.

उज्ज्वलाचा नवरा नवनाथ एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. धिप्पाड गडी, खाण्याचा शौकीन, आणि साखरेचा आजार जडलेला. त्याचंच वजन सगळ्यांत जास्त, म्हणजे उतरवायलाही त्याचंच सर्वांत जास्त. शेटेबाईंनी त्याला हेरलं. उज्ज्वलानं स्वतः ते दही कधी खाल्लं नाही, पण नवऱ्यासाठी रोज दही लावायची ती तीच. नवनाथ खरंच उतरायला लागला. घरी म्हणायचा, दोन घासांतच भरलं गं. तिला वाटायचं, योजनेचा गुण आहे.

आणि एके दुपारी तो वर्कशॉपमध्ये बसल्या जागी कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. पुढं कुणी काही विचारलं नाही.

दहाव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना शेटेबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या, आणि मैदानावर हाका मारायची सवय असलेला तो आवाज घरभर ऐकू गेला, "आम्ही सहा महिने त्या माणसाचं वजन उतरवत होतो आणि ही घरात शेंगापोळ्या लाटत होती. शेवटच्या दिवशी डब्यातही शेंगापोळीच दिली म्हणे. बायकोच्या हातानं गेला बिचारा."

उज्ज्वला भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली तर समोर तिची मुलगी शरयू उभी, पुण्याहून आलेली, बापाची लाडकी. शरयूनं ते ऐकलं होतं. आईकडं तिनं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर उज्ज्वलाला पुढं रोज जेवायला बसताना आठवायची.

त्यानंतर शरयू तीन वेळा सोलापूरला आली, आणि तिन्ही वेळा येताना स्वतःचा डबा घेऊन आली. 'उगाच तुला त्रास नको, आई,' एवढंच म्हणायची. आईच्या ओट्याकडं पाठ करून, हॉलमध्ये खुर्चीवर बसून ती तो डबा खायची. लेकीनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं उज्ज्वलाला व्हायचं.

मग एके दिवशी सादिक मुजावर आला, वर्कशॉपमधला नवनाथचा जोडीदार. तिथल्या कपाटातले नवनाथचे कपडे द्यायला आला होता. चहा पिऊन झाला तरी उठेना.

"वहिनी, एक बोलू? मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. शेंगापोळी त्यानं खाल्लीच नाही. आम्ही खाल्ली. दोन महिने झाले होते, तो डब्याला शिवतच नव्हता. अन्न बघितलं की तोंड फिरवायचा. म्हटलं, नव्या, वहिनींना सांग. तर म्हणाला, ती एवढी खपून करते, तिला कसं सांगू."

"आणि गोळी? साखरेची गोळी?"

"ती घ्यायचा की. गोळी चुकवली तर ती रागावते म्हणायचा." सादिक मान खाली घालून बोलत होता. "शेटेबाईंनी त्याला रोजच्या एका पुडीऐवजी तीन सांगितल्या होत्या. वर्कशॉपमध्ये पाण्यातून घ्यायचा. चक्कर येते म्हणून दोनदा त्यांच्याकडं गेला. ढाल मिळेपर्यंत कळ काढा म्हणाल्या."

साखर उतरवायची गोळी आणि पोटात अन्नाचा कण नाही. यात न कळण्यासारखं काय आहे? उज्ज्वलाला ते चहाचा कप खाली ठेवायच्या आत कळलं. तिनं तिथल्या तिथं शरयूला फोन लावला, सगळं सांगितलं.

"आई," पलीकडून शरयू म्हणाली, "बाबा गेले ते गेले. आता दुसऱ्यावर ढकलू नकोस. सादिककाका तुला बरं वाटावं म्हणून बोलले असतील."

फोन ठेवल्यावर उज्ज्वला रडली नाही. तिला एवढं समजलं, की हे सादिकनं सांगून उपयोग नाही, तिनं सांगून तर नाहीच नाही. हे शेटेबाईंच्याच तोंडून निघालं पाहिजे, आणि घरभर माणसांत बोलल्या होत्या तसंच घरभर माणसांत निघालं पाहिजे. ते कसं काढायचं, हे मात्र तिला सुचत नव्हतं. सुचवलं तिच्या पोटानं.

झालं होतं असं. नवनाथ गेला त्या दिवशी ओट्यावर त्याचं दही लागलेलं होतं. शेटेबाई दर रविवारी घरोघर फिरून जुनं दही मोरीत ओतायला लावायच्या, नवी पुडी, नवं दही. पण नवनाथ गेल्यावर उज्ज्वलाच्या घरात पाय ठेवायचं त्यांना काही कारण उरलं नव्हतं. आणि नवऱ्यासाठी लावलेलं शेवटचं दही मोरीत ओतायला हिचा हात होईना. तिनं त्यातलंच चमचाभर घेऊन दुसऱ्या दिवशीचं लावलं, त्यातलं घेऊन तिसऱ्या दिवशीचं. आपल्याकडं दही असंच लागतं. ते दही ती स्वतः खायला लागली. तेवढंच त्याच्या ताटातलं आपल्या ताटात.

आणि काही महिन्यांनी तिला भूक लागायला लागली. साधी भूक नव्हे. जेवून उठली तरी जेवल्यासारखं वाटेना. दोन भाकरी झाल्या, चार झाल्या, पोट तटतटलं, तरी आत कुणीतरी हात पसरून बसलेलं. तिनं कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि उगाच चौकशी करतेय असं दाखवत विचारलं, की जुन्या दह्यानं नवं लावलं तर काय होतं.

पलीकडची तरुण शास्त्रज्ञ मोठी उत्साही निघाली. "काकू, आतड्यात त्या प्रथिनाचं काम असतं, गाडग्यात नसतं. गाडग्यात ते बनवत बसणं म्हणजे फुकटची मेहनत. मग पिढ्यांमागून पिढ्या जातात तसे काही जिवाणू कामचुकार होतात, प्रथिन अर्धवटच बनवतात आणि वाचलेल्या ताकदीवर भराभर वाढतात. शेवटी गाडग्यात तेच उरतात. आणि ते अर्धवट प्रथिन असतं ना, ते मोडक्या किल्लीसारखं कुलपात अडकून बसतं. मग 'पुरे' हा निरोप वर जातच नाही, आपला स्वतःचासुद्धा नाही."

"मग नवी पुडी खाल्ली की होईल नीट?"

"नाही ना. हे जिवाणू एकदा आत बसले की आधीच्यांना हुसकून लावतात आणि नव्यांनाही जागा देत नाहीत. उतारा अजून सापडलेला नाही. पण तसं कुणी करत नाही ना काकू? पुडीवर स्पष्ट छापलंय, जुन्या दह्याचं विरजण वापरू नये."

पुडीवर छापलंय म्हणे. घरात घट्ट दही लागलेलं असताना ते फेकायचं आणि विरजणासाठी गाडीची वाट बघत बसायचं, हे सोलापुरात कुणाला सांगताय, असं उज्ज्वलाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती 'बरं बरं' म्हणाली. फोन ठेवून ती गाडग्याकडं बघत राहिली. त्या घटकेला तिला सुचलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मैदानावर हजर झाली. "बाई, मला पण घ्या योजनेत," म्हणाली. "माझ्या हातून झालं ते झालं. आता तरी सुधारू दे." शेटेबाईंनी तिला चक्क मिठी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उज्ज्वलानं डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

पुढचे महिने तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. पोटात आग, आणि ती ताटात एक भाकरी, एक वाटी आमटी, वाटीभर दही घेऊन बसायची, आणि तेवढं संपलं की उठायची. पोटाला विचारायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. जन्मभर तिनं दुसऱ्यांची ताटं वाढली होती. कुणाला किती पुरतं, हे तिच्या डोळ्याला कळायचं. तेच तिनं स्वतःला लावलं. वरून शेटेबाईंचा चेहरा आठवला की भूक दोन पावलं मागं सरायची. पुड्या ती न फोडता कपाटात टाकायची, आणि रविवारी शेटेबाई तपासायला आल्या की गाडगं लपवून त्यांच्यासमोर विकतचं दही मोरीत ओतायची. दर रविवारी तिचं वजन उतरत होतं, आणि शेटेबाई सगळ्यांना सांगत होत्या, बघा, उज्ज्वलाकडून शिका. तिला कुठलीही घाई नव्हती. गाडगं रोज लागत होतं.

आणि मग तो दिवस आला. लाइट गेली, दही नासलं, आणि शेटेबाई स्वतःच्या पायांनी वाटी घेऊन दारात आल्या. बोलवावंसुद्धा लागलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मैदानावर जोशीकाकांनी नातू झाल्याचे पेढे आणले. योजनेत गोड बंद, पण नातवाचा पेढा म्हणून शेटेबाईंनी एक घेतला. मग दुसरा घेतला. बायका हसल्या. मग शेटेबाईंनी काकांच्या हातातला बॉक्सच घेतला आणि उभ्याउभ्या, शिट्टी गळ्यात लोंबत असताना, एकेक पेढा तोंडात टाकत राहिल्या. हसणं थांबलं. बॉक्स रिकामा झाल्यावर त्यांनी वर बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जोशीकाकांनीच नजर वळवली. मागच्या रांगेत उज्ज्वला हात वर-खाली करत कवायत करत होती. एकही मोजणी तिची चुकली नाही.

गंमत बघा. उज्ज्वलाच्या आणि शेटेबाईंच्या पोटात आता एकच दही होतं. पण उज्ज्वलाला भूक आवरता येत होती, आणि शेटेबाईंना येत नव्हती. कशी येणार? आठ वर्षं त्यांना भूकच नव्हती. ताट मागं सारायची ताकद आपल्या अंगात आहे असं त्यांना वाटत आलं होतं, आणि ती ताकद पुडीत होती. बिनभुकेच्या माणसानं दुसऱ्याच्या खाण्यावर आठ वर्षं भाषणं दिली होती. आता भूक आली तर तिच्याशी कसं वागायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

महिन्याभरात त्यांनी दंडावरची चकती काढून टाकली, रॅश आला म्हणून सांगितलं. रविवारी वजनाच्या वेळी त्या दुसऱ्यांची नावं पुकारायच्या, स्वतः काट्यावर चढायच्या नाहीत. कवायतीला नवा ढगळ पोशाख आला. आणि एका दुपारी, उन्हानं गल्ली ओस पडलेली असताना, उज्ज्वलाच्या मागच्या दाराची कडी वाजली.

"काही आहे का गं खायला?" शेटेबाई म्हणाल्या. घाम पुसत, पदर चाचपत, कुठंही न बघता. "घरातलं संपलं सगळं. बाजारात गेले तर लोक बघतात."

उज्ज्वलानं पाट मांडला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी, वर दही. शेटेबाई खाली मान घालून जेवल्या, आणि उज्ज्वला समोर बसून वाढत राहिली. कुणाला जेवताना बघून इतकं बरं तिला जन्मात वाटलं नव्हतं. जाताना शेटेबाई म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस." दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा उज्ज्वलानं पाट मांडलाच नाही.

"बाई, तुमची भूक कशानं आलीय ते मला ठाऊक आहे."

शेटेबाईंनी आधी ओट्यावरच्या भाकरीच्या टोपलीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"ते विरजण," त्या हळू म्हणाल्या.

"ते नवनाथचं शेवटचं दही होतं. वर्षभर ओढलेलं." उज्ज्वलाचा आवाज अगदी शांत होता. "सादिकनं मला सगळं सांगितलंय. तीन पुड्या. चक्कर. ढाल मिळेपर्यंत कळ काढा. तुम्ही दहाव्याला माझ्या घरात बसून काय बोललात ते आठवतंय ना? येत्या रविवारी हॉलमध्ये उभं राहून खरं काय ते बोलायचं. माझी शरयू समोर असेल. तिला ऐकू गेलं पाहिजे."

"आणि नाही बोलले तर?"

"तर नका बोलू. उतारा माझ्याकडं आहे. तो माझ्याकडंच राहील."

शेटेबाई खाली बसल्या. जमिनीवरच, पाट नसताना. "सकाळपासून खातेय गं मी," त्या म्हणाल्या, "आणि उपाशी आहे." त्या रडायला लागल्या. उज्ज्वलानं त्यांना रडू दिलं, पण भाकरी दिली नाही. दया आली का? आली असती, पण मध्ये शरयूचा डबा आला.

रविवारी हॉल भरला होता. शरयू सकाळच्याच गाडीनं आली होती, आईनं 'एवढं एकदा ये' म्हणून गळ घातली म्हणून. थेट स्टँडवरून येऊन मागच्या खुर्चीवर बसली, बॅग मांडीवर. शेटेबाई माईकपाशी गेल्या. त्यांना बघून लोक कुजबुजले, कारण दोन महिन्यांत ती बाई ओळखू येईनाशी झाली होती.

"मला नवनाथ यमगरांबद्दल सांगायचंय," त्या म्हणाल्या. पुड्यांचं सांगितलं. तो दोनदा घरी आला होता, एकदा तर दाराची चौकट धरून उभा होता, ते सांगितलं. इथवर उज्ज्वलाला ठाऊक होतं. मग शेटेबाई थांबल्या, आणि सादिकलाही ठाऊक नसलेलं बोलल्या. "त्यांच्या चकतीचे आकडे माझ्या फोनवर यायचे. आठवडाभर रोज लाल रेघ येत होती, साखर फार खाली जातेय म्हणून. खाली दोन बटणं असतात. 'डॉक्टरांना कळवा', आणि 'ठीक आहे'. कळवलं असतं तर ते स्पर्धेतून बाद झाले असते. आपली ढाल गेली असती. मी रोज 'ठीक आहे' दाबलं. ते गेले त्या दुपारीही दाबलं. उज्ज्वलाच्या हातानं नाही गेले ते. ती शेंगापोळी त्यांनी खाल्ली असती तर आज जिवंत असते."

मग मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शरयू उठली होती. ती सरळ आईकडं आली, सगळ्यांसमोर तिच्या गळ्यात पडली आणि लहानपणी रडायची तशी रडली. "आई, मला माफ कर," एवढंच म्हणत होती. उज्ज्वलानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. वर्षाचं ओझं त्या हातातून उतरत होतं.

इथं ती लेकीला घेऊन घरी गेली असती तर. पण शेटेबाई हॉलच्या मागच्या दारानं बाहेर पडताना तिला दिसल्या, आणि तिला राहवलं नाही. तिनं शरयूच्या हातात किल्ली दिली. "तू हो पुढं, हात-पाय धू. मी आलेच."

हॉलमागच्या लिंबाखाली शेटेबाई उभ्या होत्या. आत लोकांचा गलका सुरू झाला होता, कुणीतरी पोलिसांत कळवायचं म्हणत होतं. शेटेबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी हात पुढं केला.

"बोलले मी. दे आता उतारा."

हा क्षण उज्ज्वलानं मनात इतक्यांदा जगून घेतला होता की आता तिनं तो सावकाश चघळला. आधी पदर नीट केला. मग झाडाला टेकली.

"उतारा नाही, बाई."

"म्हणजे?"

"नाहीच. कुणाकडंच नाही. कंपनीकडंपण नाही. एकदा ते आत बसलं की बसलं. आता जन्मभर जेवाल तेवढं कमीच." शेटेबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना ती बघत राहिली. "माझा नवरा तुमच्या दारात चौकट धरून उभा होता, तेव्हा त्यालाही असंच वाटलं असेल, की ही बाई काहीतरी करेल. भूक असह्य झाली की मागच्या दारी या. मी कुणाला उपाशी ठेवत नाही."

शेटेबाई तिथंच खाली बसल्या. उज्ज्वला अजून थोडा वेळ तिथं थांबली. खोटं कशाला बोला, तिला तिथून हलावंसंच वाटेना. मग ती घरी निघाली, रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाशी थांबून बोलत, मान ताठ ठेवून.

दार उघडंच होतं. शरयू स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर सकाळच्या भाकरीची टोपली, जवळजवळ रिकामी. डोळे रडून सुजलेले, आणि तोंडावर हसू.

"तुझी वाट बघवली नाही गं," ती म्हणाली. "वर्षभर तुझ्या हातचं खाल्लं नव्हतं. गरम कर, वाढ, काही नको म्हटलं. भाकरी, चटणी आणि दही. सगळा चट्टामट्टा केला बघ." तिनं गाडगं तिरकं करून दाखवलं. तळाशी चमचाभर उरलं होतं. "एवढं ठेवलंय मुद्दाम. विरजणाला. थोडं मला बांधून दे ना, पुण्याला नेते. रोज तुझंच दही खाईन आता."

उज्ज्वला दारातच उभी राहिली. हॉलमागं मजा चाखत ती जेवढा वेळ उभी होती, तेवढ्या वेळात लेक जेवली होती.

गप्प बसता येणार होतं. काही आठवडे शरयूला काहीच कळलं नसतं. मग भूक लागली असती, डॉक्टर झाले असते, तपासण्या झाल्या असत्या, आणि आईचं नाव कुठंच आलं नसतं. 'भूक वाढलीय वाटतं, चांगलं आहे की,' असं फोनवर म्हणून 'ठीक आहे' करत राहता आलं असतं, रोज, जसं शेटेबाईंनी केलं तसं.

तिनं लेकीच्या हातातलं गाडगं काढून घेतलं आणि तिच्या समोर बसली.

"काय झालं?" शरयू म्हणाली. "आई, रडतेस कशाला आता? झालं ना सगळं."

"शरयू," उज्ज्वला म्हणाली, "शेटेबाईंना मी काय खायला घातलं, ते तुला सांगायचंय."